मालदीवला पाच रात्री : ऑल-इन्क्लुझिव्ह घ्यावं की हाफ बोर्ड?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच कळेल. तुम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे असे पाच जण, दोन खोल्या, मालदीवला पाच रात्री. मिस्टर दिवसा एक-दोन बियर आणि संध्याकाळी एखाद-दोन कॉकटेल घेतात, तुम्ही कधीतरी वाइन. सासूबाई पूर्ण शाकाहारी, सासऱ्यांना मधुमेह, दोघंही दारूला शिवत नाहीत. एजंट म्हणतोय, "सगळ्यांना ऑल-इन्क्लुझिव्ह घेऊन टाका." आणि तुम्हाला वाटतंय, एवढं खाऊन-पिऊन पैसे वसूल होतील का? ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे तिन्ही जेवणं आणि पेयं धरून, हाफ बोर्ड म्हणजे फक्त नाश्ता आणि रात्रीचं जेवण.

'वसूल' या शब्दापाशीच गल्लत होते. गोव्यात हॉटेलचं जेवण आवडलं नाही तर चार पावलांवर शॅक असतो, थाळी असते, निदान दुकानात बिस्किटाचा पुडा मिळतो. मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेट असतं. १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून तिथला हाच शिरस्ता आहे. बाहेर जायला बाहेर नावाची जागाच नाही. पाण्याच्या बाटलीपासून दुपारच्या सँडविचपर्यंत सगळं एकाच स्वयंपाकघरातून आणि एकाच दरपत्रकाने येतं. त्यामुळे किती खाऊ यापेक्षा हे बघायचं की प्लॅनमध्ये नसलेली कुठली गोष्ट रोज मागावीच लागेल आणि ती कितीला पडेल.

नेमकं उत्तर तुमच्या रिसॉर्टवर, महिन्यावर आणि दोन प्लॅनमधल्या फरकावर अवलंबून आहे. त्या तीन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, म्हणून मी हिशेबाची पद्धत देतो. आकडे तुमच्या कोटेशनमधले घाला. खालचे माझे आकडे उदाहरणापुरते आहेत.

मेन्यूकार्डावर किमतीपुढे '++' अशी खूण दिसेल. पहिला प्लस १० टक्के सर्व्हिस चार्जचा, दुसरा पर्यटन जीएसटीचा. हा जीएसटी १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, त्याआधी १६ होता, त्यामुळे जुन्या लेखांतले हिशेब थोडे कमी येतात. कर सर्व्हिस चार्जसह रकमेवर लागतो, म्हणून २७ टक्के मिळवून चालत नाही. १.१० गुणिले १.१७ म्हणजे १.२८७. कार्डावरचे १०० डॉलर बिलात १२८.७० होतात. काही ठिकाणी किंमत सगळं धरून छापलेली असते, ते कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

आता कसोटी अशी. ऑल-इन्क्लुझिव्ह आणि हाफ बोर्ड यांच्यातला माणशी, रात्रीचा फरक घ्या आणि त्याला १.२८७ ने भागा. समजा फरक ८० डॉलर आहे, तर उत्तर सुमारे ६२. म्हणजे हाफ बोर्डवर राहून रोज कार्डावरच्या किमतीने ६२ डॉलरपेक्षा जास्त मागवणार असाल तरच ऑल-इन्क्लुझिव्ह स्वस्त. न पिणाऱ्या माणसाचं बघा: दुपारी एक डिश २८, पाण्याची मोठी बाटली ७, कोल्ड कॉफी ८, एकूण ४३. मर्यादेच्या बरंच आत. मिस्टरांचं तेच ४३, वर दोन बियर ११ प्रमाणे आणि दोन कॉकटेल १८ प्रमाणे, म्हणजे १०१. करासकट १३०. त्यांच्यापुरता रोजचा ५० डॉलरचा फायदा सरळ दिसतो.

या हिशेबात एक खोच आहे. प्लॅन माणसागणिक घेता येत नाही, सहसा खोलीगणिक असतो. एका खोलीतला एक ऑल-इन्क्लुझिव्ह आणि दुसरा हाफ बोर्ड, हे रिसॉर्ट चालू देत नाहीत, कारण एकाच्या ग्लासातून दुसरा पिणार हे त्यांना माहीत असतं. तुमच्या खोलीत तुम्ही कमी घेता आणि ते जास्त, तर दोघांची बेरीज करून दोन फरकांशी ताडून बघा. मुलाचा दर वेगळा विचारा. १२ वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच ठिकाणी आईवडिलांचाच प्लॅन फुकट किंवा निम्म्या दरात मिळतो, आणि मग आइस्क्रीम व ज्यूसची रोजची भुणभुण आपोआप मिटते.

सासू-सासऱ्यांच्या खोलीला मात्र ऑल-इन्क्लुझिव्ह नको. त्यांना फुल बोर्ड घ्या, तिन्ही जेवणं त्यात येतात. हाफ आणि फुल बोर्डमधला फरक ३० डॉलर असेल तर मर्यादा २३ ची येते, आणि दुपारच्या एका पास्त्यातच ती ओलांडते. पण दोन खोल्या एकाच बुकिंगमध्ये असतील तर काही रिसॉर्ट दोन्हींना एकच प्लॅन सक्तीचा करतात. हे एजंटकडून तोंडी नको, लेखी घ्या. आणि एकदा वेगळे प्लॅन घेतले की मिस्टरांच्या नावावर वडिलांसाठी ज्यूस मागवू नका. ताकीद मिळते किंवा तो ग्लास बिलावर चढतो, आणि त्या वेळी वेटरचीच पंचाईत होते.

पर्यटकांवरचा ग्रीन टॅक्स कुठल्याच जेवणाच्या प्लॅनचा भाग नसतो. १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवर तो माणशी, रात्री १२ डॉलर आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला माफ, तुमच्या मुलाला नाही. पाच जण, पाच रात्री म्हणजे ३०० डॉलर. कोटेशनमध्ये धरलाय की निघताना द्यायचा, एवढं विचारून ठेवा.

आता 'ऑल' म्हणजे नेमकं काय. प्रत्येक रिसॉर्टचं एक इन्क्लुजन शीट असतं, दोन-तीन पानांचं. बुकिंगआधी तेच मागा, वेबसाइटवरचं सुंदर वर्णन उपयोगाचं नाही. त्यात मी पहिल्यांदा या गोष्टी बघतो. पेयं किती वाजेपर्यंत: सकाळी १० ते मध्यरात्र हे नेहमीचं, पण काही ठिकाणी रात्री १० लाच थांबतं. स्पिरिट 'हाऊस' आहेत की ब्रँडची नावं दिलीत: नावं नसतील तर जी स्वस्त बाटली उघडी असेल ती. वाइन ग्लासने की बाटलीने. बियर नळाची की कॅनची. एक माप २५ मिलिलिटरचं की ३०चं. आपल्याकडच्या ६०च्या पेगची सवय असेल तर पहिला ग्लास हातात आल्यावर चेहरा उतरतो. मिनीबार आहे का, आणि दिवसातून एकदा भरतात की फक्त पहिल्या दिवशी.

बिनदारूच्या पेयांतच जास्त फसगत होते. 'ज्यूस' म्हणजे खोक्यातला, 'फ्रेश ज्यूस' म्हणजे पैसे वेगळे. 'कॉफी' म्हणजे कधी नाश्त्याच्या मशीनची, कॅपुचिनो निराळी. सगळ्यात गंमत शहाळ्याची. डोक्यावर माड झुलत असतो आणि त्याखाली बसून मागवलेलं शहाळं पुष्कळ ठिकाणी प्लॅनबाहेर असतं.

स्पेशालिटी रेस्टॉरंटबद्दलचं वाक्य दोनदा वाचा. 'प्रवेश समाविष्ट', 'तीन रात्रींमागे एक जेवण' आणि 'ठरावीक रकमेची सूट' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानी किंवा ग्रिल रेस्टॉरंटची फुकट जेवणं असली तरी लॉब्स्टर, वाग्यू (महागडं जपानी गोमांस) यांवर अधिभार असतोच. आणि जागा आधी भरतात, म्हणून पोचल्या दिवशी दुपारीच सगळ्या रात्रींचं आरक्षण करून टाका. मुख्य बुफेचे विषय साधारण सात दिवसांच्या चक्राने फिरतात: एक रात्र आशियाई, एक इटालियन, एक मालदीवी, एक किनाऱ्यावरचा बार्बेक्यू. तुमच्या पाच रात्रींत पुनरावृत्ती व्हायची नाही, पण वेळापत्रक आधी मिळालं तर सासूबाईंना सी-फूडच्या रात्री दुसरीकडे नेता येईल.

सासूबाईंच्या जेवणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे चुका जास्त होतात.

भारतीय स्वयंपाकी बहुतेक रिसॉर्टवर असतात आणि डाळ, भात, रोटी, पनीर मिळणं अवघड नाही. कांदे, बटाटे, तांदूळ, कणीक, डाळ हा माल तिथे मोठ्या प्रमाणात भारतातूनच जातो. निर्यातबंदीच्या काळातही मालदीवला १९८१ च्या व्यापार कराराखाली ठरलेला कोटा मिळतो. तेव्हा उपाशी राहायची भीती नाही. भीती आहे ती नकळत मासे पोटात जाण्याची. मालदीवी स्वयंपाकात टुना म्हणजे आपल्याकडचा कुपा, आणि तो आपल्याकडच्या खोबऱ्यासारखा सगळीकडे असतो. उकडून, धुरी देऊन, वाळवून केलेले त्याचे तुकडे (यालाच 'मालदीव फिश' म्हणतात) चटणीसारख्या संबोलमध्ये, भाजीत, कोशिंबिरीत भुरभुरतात आणि ते मसाल्यासारखे दिसतात.

चहाबरोबरच्या खाऊला तिथे हेधिका म्हणतात, आणि आपल्या माणसांची दांडी नेमकी इथे उडते. बजिया हुबेहूब समोशासारखा दिसतो, आत टुना, खोबरं, कांदा. गुल्हा म्हणजे छोट्या बटाटेवड्याएवढा गोळा, आत तेच. मसरोशी भरलेल्या पराठ्यासारखी, 'मस' म्हणजे मासा. कुल्ही बोकिबा ढोकळ्यासारखा चौकोनी कापलेला, तोही माशाचा. रिहाकुरू हा काळपट तपकिरी लगदा चिंचेच्या चटणीसारखा वाटतो. तो टुनाचं पाणी तासन्‌तास आटवून करतात. नाश्त्याला मस हुनी असते: टुना, किसलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. तिच्याबरोबरची रोशी मात्र साधी, आपल्या पोळीची बहीण. मुगू रिहा हे डाळीचं कालवण नावावरूनच ओळखीचं वाटेल, तरी वर वाळवलेला मासा घातलाय का ते विचारायचं.

दुसरी फळी आंतरराष्ट्रीय पदार्थांची. भाज्यांचं सूप चिकन स्टॉकमध्ये, फ्राइड राइसमध्ये ऑयस्टर सॉस, थाई करीच्या पेस्टमध्ये कोळंबी, किमचीत फिश सॉस, सीझर ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही हे छोटे मासे, मूस आणि पन्ना कोटा या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनचं जिलेटीन. स्वयंपाकी फसवत नसतो. 'व्हेजिटेरियन' याचा तिथला अर्थ ताटात मांसाचा तुकडा नाही, इतकाच असू शकतो. बुफेवरची हिरव्या पानाची खूण त्याच अर्थाने लावलेली असते, आणि शेजारच्या भांड्यातला चिमटा पाहुणेच इकडून तिकडे नेतात.

म्हणून निघण्याआधी निदान दोन आठवडे रिसॉर्टला मेल करा, एजंटच्या भरवशावर राहू नका. नुसतं 'व्हेज' लिहू नका, यादी द्या: मांस, मासे, कोळंबी, अंडं नाही, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, मासे वा मांसाचा स्टॉक, मालदीव फिश, जिलेटीन नाही, दूध, दही, पनीर चालतं, कांदा-लसूण चालतो. नको असलेल्याइतकंच चालणारं लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर सावध शेफ पाच दिवस उकडलेल्या भाज्या वाढतो. वेगळी कढई आणि वेगळं तळणीचं तेल हवं असेल तर तेही लिहा. दोन आठवडे अशासाठी की ताजा माल बोटीने ठरावीक दिवशी येतो, आणि बोट चुकली की पनीर पुढच्या फेरीला. पोचल्यावर पहिल्या जेवणाला शेफला टेबलाशी बोलवा आणि सासूबाईंची गाठ घालून द्या. ओळख झालेली बाई आणि खोली क्रमांक ११४ यांच्या ताटांत फरक पडतो. मग बुफेवर जे नाही ते, साधं वरण, ज्वारीची नाही पण गव्हाची भाकरीसारखी जाड पोळी, कोशिंबीर, आतून करून येतं, तेही जादा पैसे न घेता.

चहाचं दुःख वेगळं आहे. दूध बहुतेक खोक्यातलं, टिकाऊ, आणि चहा पिशवीचा. आपल्या पद्धतीचा उकळलेला हवा असेल तर भारतीय स्वयंपाक्याला सकाळी सांगा, चहाचा मसाला घरून न्या. खोलीत किटली असतेच.

सासऱ्यांसाठी आधी बेटाचं घड्याळ बघा. राजधानी माले भारताच्या अर्धा तास मागे आहे, पण अनेक रिसॉर्ट सूर्यास्त उशिरा दिसावा म्हणून आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. रात्रीचं जेवण साडेसातला सुरू होत असेल तर मालेच्या वेळेने ते आपले आठ, आणि बेटाच्या वेळेने आपले सात. इन्सुलिन किंवा गोळीची वेळ यावरून डॉक्टरांशी आधीच ठरवा. इन्सुलिन हातातल्या पिशवीत न्या. न उघडलेलं २ ते ८ अंशांत लागतं आणि मिनीबार तेवढं थंड राहीलच असं नाही, त्यामुळे वैद्यकीय फ्रिज किंवा बेटावरच्या दवाखान्यातला फ्रिज आधी मागून ठेवा.

मॉकटेल त्यांना निरुपद्रवी वाटेल, पण फळांच्या रसात १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम साखर असते, आणि वर ३० मिलिलिटर सिरप पडलं की आणखी २० ग्रॅमच्या आसपास. फ्रेश लाइम सोडा, मीठ घालून, सिरप वेगळं, असं मागवायला शिकवा. पाणी पिण्याची काळजी नको: रिसॉर्ट समुद्राचं पाणी खारेपणा काढून शुद्ध करतात, बर्फही त्याचाच. नळाचं मात्र विचारल्याशिवाय पिऊ नका. काचेच्या बाटल्यांतलं रिसॉर्टचं स्वतःचं पाणी खोलीत फुकट ठेवतात का, हेही शीटमध्ये बघा. ठेवत असतील तर वरच्या हिशेबातले ७ डॉलर वजा.

तुम्ही तिघं मासे खाता, तर पापलेटची अपेक्षा ठेवू नका. टुना, वाहू आणि 'रीफ फिश' नावाखाली येणारे तांबोशीच्या जातीचे मासे मिळतील. टुना खाताना जिभेवर तिखट चुरचुर जाणवली तर तो तिथेच ठेवा. मासा पुरेसा थंड न ठेवल्याने त्यात हिस्टामिन तयार झालेलं असतं, शिजवून ते जात नाही, आणि थोड्या वेळात चेहरा लाल होतो, डोकं धडधडतं. त्याला उगाच ॲलर्जी समजलं जातं. प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांत, बॅराकुडा किंवा थोराड हेकरूत (ग्रूपर), सिग्वाटेरा नावाचं विष साठू शकतं, तेही शिजवून जात नाही. संध्याकाळच्या गळाच्या सहलीत मुलाने मासा पकडला तर कुठला ठेवायचा हे बोटीवरच्या माणसाला ठरवू द्या, आणि रिसॉर्ट तो शिजवायचे पैसे घेतं का ते निघण्याआधी विचारा.

बुफेवर गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ च्या खाली ठेवायचे असतात. थर्मामीटर नेऊ नका, वाफ बघा. शेवटच्या अर्ध्या तासात कडा सुकलेला भात आणि पाण्यात तरंगणारी सुशी सोडून द्या, समोर शिजवतात त्या काउंटरवर जा. आपला मसाला घालून मासा तळून द्या म्हटलं तर तिथला स्वयंपाकी खूशच होतो.

सामानाबद्दल: दारू आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ मालदीवमध्ये नेता येत नाहीत. मुंबईच्या ड्यूटी-फ्रीमधली बाटली माले कस्टम्स ठेवून घेते आणि पावती देते, परतताना ती परत घ्यायची. चिवडा, मेतकूट, खाकरा, मुलाची बिस्किटं बिनधास्त न्या, पण घट्ट डब्यात, मुंग्या तिथेही आहेत. लोणच्याची बरणी मात्र नको. रिसॉर्टला सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जायचं असेल तर साधारण २० किलो आणि हातात ५ किलो एवढीच मुभा असते आणि तेल गळलं तर शेजाऱ्याच्या बॅगेपर्यंत जातं.

कुणीच पीत नसतं तर मी लोकवस्तीच्या बेटावरचं गेस्टहाऊस सुचवलं असतं. तिथे दारू नाही, पण साध्या खानावळी आहेत, आणि ५० किंवा कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसला ग्रीन टॅक्सही ६ डॉलर. तुमच्या घरात मिस्टरांची बियर आहे, त्यामुळे हा पर्याय बाद.

राहता राहिले जाण्या-येण्याचे दिवस. सीप्लेन फक्त उजेडी उडतं. मुंबईचं विमान दुपारनंतर पोचत असेल तर रात्र मालेजवळ काढावी लागेल, आणि रिसॉर्टच्या प्लॅनमधलं एक जेवण, कधी दोन, हुकतील. त्यांचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून सकाळचं विमान थोडं महाग पडलं तरी परवडतं. ऑल-इन्क्लुझिव्ह प्लॅन खोलीच्या चेक-आउटला, साधारण दुपारी १२ ला संपतो, बोट चारला असली तरी. त्या मधल्या चार तासांचं बिल निघताना हातात पडतं. उशिरापर्यंत प्लॅन चालू ठेवता येतो का, हे पहिल्याच मेलमध्ये विचारा. भरलेलं बेट नसेल तर बरेचदा हो म्हणतात.